दहापैकी साडेपाच

२०१९च्या पुरात सांगलीत आमच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं. खालच्या खोलीतलं बहुतेक सगळं गेलं. जे वाचलं त्यात माझी कॉलेजची एक डायरी होती, कपाटाच्या वरच्या फळीवर असल्यामुळं. आमच्या अडत दुकानाच्या नावाची, दिवाळीत गिऱ्हाइकांना वाटायची तसली, रेक्झिनच्या कव्हरची. खालच्या कडेनं ओल चढून पानं चिकटली होती. ती मी तशीच ऊन दाखवून ठेवून दिली होती. परवा साफसफाईत बायकोनं विचारलं, "हे ठेवायचंय का टाकायचंय?" मी म्हटलं बघतो, आणि चहा गार होईपर्यंत बघत बसलो.

मार्च २००८ च्या एका पानावर माझ्या हस्ताक्षरात लिहिलंय:

"बीच हाउस. डिव्होशन. पहिल्यासारखंच. नवीन काही नाही. ५.५/१०."

त्याच्याखाली "झेरॉक्स १४ रु., मेसचे २०० बाकी."

तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आता मार्केट यार्डात हळदीची अडत. आजोबांनी सुरू केलेली, आप्पांनी वाढवलेली आणि मी, आप्पांच्या भाषेत, 'सांभाळलेली'. हिशेबाची सवय असल्यामुळं असेल, पण त्या पानावरच्या मजकुरापेक्षा त्या अर्ध्या गुणानं मला जास्त छळलं. साडेपाच म्हणजे काय? पाच का नाही? आणि सहा द्यायला माझं काय जात होतं?

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीच हाउस म्हणजे अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातली दोघांची जोडी. व्हिक्टोरिया लग्राँ गाते आणि ऑर्गन-कीबोर्ड वाजवते, अॅलेक्स स्कॅली गिटार वाजवतो. मिशेल लग्राँ हा मोठा फ्रेंच संगीतकार तिचा काका. जोडी जमली २००४ साली. पहिला अल्बम २००६ मध्ये, त्यांच्याच नावाचा. दुसरा 'डिव्होशन', २६ फेब्रुवारी २००८. यांच्या संगीताला ड्रीम पॉप म्हणतात. संथ लय, धुक्यातून आल्यासारखा आवाज, लांबत जाणारे ऑर्गनचे सूर आणि मागं एक साधासुधा ठेका, बऱ्याचदा मशिनचाच. आमच्याकडं गणपतीत ऑर्केस्ट्रावाले कॅसिओवरचा तयार ठेका लावून मोकळे होतात ना, जात तीच. फक्त ऑर्केस्ट्रावाले तो झाकायला बघतात आणि ही दोघं त्याला पाटावर बसवतात.

मी हा अल्बम ऐकला कसा, तेही सांगायला पाहिजे, कारण निकालपत्रात ते लिहिलेलं नसतं. रूमवरच्या एका पोराच्या हार्डडिस्कवरून उतरवून घेतलेला. एमपीथ्री, १२८चा, म्हणजे हलक्या प्रतीचा. कॉम्प्युटरला दोन छोटे स्पीकर, त्यातल्या डाव्याला कायम घूं असा आवाज. ती घूं आणि त्यांचा ऑर्गन यातला फरक मला पहिल्या दोन गाण्यांत कळलाच नव्हता. शिवाय लोडशेडिंग. चौथं गाणं चालू असताना लाइट गेली. आल्यावर मी पुढचं ऐकलं की नाही हे आता आठवत नाही, पण गुण मात्र दिलेले आहेत. अकरा गाण्यांच्या अल्बमला पावणेचार गाण्यांवर साडेपाच.

बरं, हा माज आला कुठून? तर पिचफोर्क या अमेरिकेतल्या संगीत-परीक्षणांच्या साइटवरून. त्या काळी आमच्यासारख्या चार-दोन पोरांना ती साइट म्हणजे पंचांगच होतं. तिथं अल्बमला दशांशात गुण मिळायचे. ७.३, ६.८, असे. आम्हाला त्या दशांशाचं फार वेड. सांगलीत बसून, एकही रेकॉर्ड विकत न घेता, आम्ही बाल्टिमोर आणि ब्रुकलिनच्या पोरांचे दशांश कमी-जास्त करायचो. (त्याच पिचफोर्कला २०२४च्या जानेवारीत मालकांनी जीक्यू मासिकात मिसळून टाकलं, बऱ्याच जणांच्या नोकऱ्या गेल्या. बातमी वाचून मला उगाच गावाकडची शाळा बंद पडल्यासारखं वाटलं.)

गंमत म्हणजे पिचफोर्कनं 'डिव्होशन'ला माझ्यासारखं पाडलं नव्हतं. पहिल्या अल्बमला त्यांनी ८.१ दिले होते, दुसऱ्याला ८.५. म्हणजे चढते गुण. दुसऱ्या अल्बमवर लोक तुटून पडले आणि कालांतरानं जग सुधारलं, अशी रंगवायला सोपी गोष्ट इथं नाहीच. बऱ्याच जणांना आवडला होता. पण त्या आवडण्याची भाषा बघा. परीक्षणांचा एकूण सूर असा की, दोघांनी आपलं घर सोडलेलं नाही, त्याच घरात दिवे जास्त लावलेत. आवाज भरदार झालाय, गाणी नेटकी झालीत, पण तोच ऑर्गन, तीच संथ लय. स्तुती करताना एक 'पण' हातात धरलेलाच. लग्नात "मुलगी छान आहे, पण उंची" म्हणतात तसा. मी तेवढाच 'पण' उचलला आणि पुढचं-मागचं सोडून दिलं. उधारीचं मत फार कडक असतं, स्वतःचं एवढं कडक नसतं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. विषयांतर वाटेल, वाटू दे.

नव्या हळदीचे सौदे आमच्याकडं साधारण जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतात. म्हणजे 'डिव्होशन' तिकडं बाजारात आला तेव्हा इकडं आमच्या दुकानापुढं पोत्यांची थप्पी लागलेली असणार आणि मी मदतीला जायचं टाळून रूमवर बसलेलो असणार. सौद्याच्या वेळी खरेदीदार ढिगापुढं येतो. ओंजळभर हळकुंडं उचलतो, एक निवडतो आणि दोन्ही हातांच्या बोटांत धरून मोडतो. टक् असा आवाज यायला पाहिजे. ओल राहिली असेल तर तो आवाज येत नाही, हळकुंड नुसतं वाकल्यासारखं होऊन तुटतं. मग मोडलेली बाजू उजेडाकडं धरायची. बाहेरून पॉलिश कुणीही करतं, रंग आत बघायचा. कडेची पातळ रेघ आणि मधला गाभा, दोन्हीकडं केशरी किती उतरलाय. एवढं झाल्यावर खरेदीदार शेतकऱ्याला नाही, अडत्याला विचारतो. गेली पंधरा वर्षं मला विचारतात:

"मागल्या सालासारखाच हाय न्हवं?"

आणि मी "व्हय, तसाच हाय" म्हटलं की बोली वर सरकते.

तसाच हाय. हळदीला याच्याहून मोठं प्रशस्तिपत्रक नाही. वाळव्याच्या कुठल्यातरी मळ्यातून एखाद्या घरची हळद सलग चार वर्षं त्याच रंगाची, त्याच वासाची येते, तेव्हा त्या माणसानं पाऊस, कंद, शिजवण, वाळवण असं सगळं सांभाळलेलं असतं. दरवर्षी ऊन वेगळं, पाणी वेगळं, मजूर वेगळे. तसंच राहायला मरणाचं काम करावं लागतं. आणि इथं मी एकवीस वर्षांचा, हळदीच्याच पैशावर शिकणारा, दोन माणसांनी दोन वर्षांनी पुन्हा तोच रंग आणून दाखवला तर त्यांना म्हणतोय, नवीन काही नाही.

हे सगळं मी मोठ्या उत्साहात मिरजेच्या मित्राला सांगितलं. तो तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या घरातला. सतार आणि तंबोरे. त्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तेव्हा मी त्याला पेढे मागितले होते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्येच मिळालंय, तेव्हाचे पेढे तो अजून मागतो. त्यानं माझी हळदीची थिअरी शांतपणे ऐकली आणि म्हणाला, "येडा का? हळद तशीच पाहिजे कारण ती आमटीत जाती. गाणं आमटीत घालतोस काय?"

मी गप्प. मुद्दा बरोबर होता. तसंच असणं हा काही आपोआप गुण होत नाही. तसेच तसेच अल्बम काढून लोकांना जांभया आणणारे शंभर बँड आहेत.

मग म्हणाला, "लाव दोन्ही. आदी पयला."

त्याच्या दुकानात बसून आम्ही दोन्ही अल्बम एकापाठोपाठ ऐकले. पूर्ण. हे मी २००८ मध्ये केलं नव्हतं. तो एका तंबोऱ्याच्या जवारीचं काम करत होता. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानसीनं घासून असा तयार करतात की तार तिला एका ठिकाणी टेकत नाही, हलत असताना माथ्याला घासत राहते. त्यातनं तो झणकार उठतो. त्याशिवाय तारेखाली एक सुती दोरा सरकवतात, त्याला जीव म्हणतात. तो दोरा केसभर पुढं-मागं केला की सगळा तंबोरा बदलतो. स्वर तोच. षड्जाचा षड्जच. पण आधी बंद पेटीतून आल्यासारखा वाटणारा आवाज एकदम खोलीभर होतो. मित्र दोरा सरकवायचा, छेडायचा, मान हलवायचा, परत सरकवायचा. त्या वेळात तिकडं स्पीकरवर एक अल्बम संपून दुसरा सुरू झाला. 'वेडिंग बेल', मग 'यू केम टू मी', मग 'गिला'. (हे शीर्षक मी कितीतरी दिवस गजलेतला गिला-शिकवा समजत होतो. आणि खरं सांगू, त्या गाण्यात तक्रार शोधली की सापडतेही.)

'गिला'त गिटारचा एक छोटा तुकडा आहे, तो गाणंभर फिरून फिरून येतो. दुसऱ्यांदा आला तेव्हा मित्रानं कानस खाली ठेवली.

"जवारी बदललीय," म्हणाला.

बास, एवढंच. पुढं त्यानं काही समजावून सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण जी परीक्षणं मी तेव्हा वाचली, जे मी स्वतः लिहिलं, त्या सगळ्यात मिळून हे दोन शब्द नव्हते. पहिल्या अल्बमात तिचा आवाज ऑर्गनच्या मागं उभा आहे, पडद्याआडून डोकावल्यासारखा. दुसऱ्यात तो पुढं आलाय, खालच्या पट्टीत ठाम उभा राहतो, आणि गिटार त्याच्याभोवती फिरते. वाद्यं तीच, ठेका तसाच. दोरा केसभर सरकलाय.

अल्बमच्या नावाबद्दल एक सांगायचं राहिलं. डिव्होशन म्हणजे भक्ती. कव्हरवर दोघं टेबलाशी बसलेत, मधे केक, केकवर ते नाव. भक्ती नावाच्या अल्बमवर आक्षेप काय, तर पुन्हा पुन्हा तेच! आमची आजी रोज संध्याकाळी तोच हरिपाठ म्हणायची, पन्नासेक वर्षं. तिला कुणी दहापैकी साडेपाच दिले असते तर तिनं त्याला आधी जेवायला वाढलं असतं आणि मग झाडलं असतं.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर पेवाचं सांगतो. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची पेवं असायची. अजूनही काही आहेत, पण २००५च्या पुरात पुष्कळ गेली. वर तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि खाली घागरीसारखं फुगत गेलेलं पोट. त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आत हवा कोंडलेली असते, माणूस गुदमरून मरतो. तोंड उघडं टाकून वाट बघायची. मी सहा-सात वर्षांचा असताना आजोबांबरोबर गेलो होतो. आमचा एक हमाल दोराला धरून आत उतरला आणि खालून काहीतरी ओरडला. शब्द कळले नाहीत. पण तो आवाज! वरच्या माणसाचा आवाज तोंडातून निघून संपतो, हा संपतच नव्हता. मातीच्या भिंतींना घासून, गोल होऊन, हळदीच्या वासासकट वर येत होता. हमाल मग मुद्दाम गायला लागला, मला हसवायला. तमाशातलं काहीतरी. तेवढं फाकडू गाणं, पण पेवातून वर येईपर्यंत अगदी उदास झालेलं.

ड्रीम पॉपवाले यासाठी मशिनं वापरतात. रिव्हर्ब म्हणतात त्याला. व्हिक्टोरिया लग्राँचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला, म्हणजे चांगल्या हेडफोनवर, अंधारात, २०१० मध्ये कधीतरी, तेव्हा मला हरिपूर आठवलं आणि का आठवलं हे कळायला दोन दिवस लागले.

२०१० म्हणजे 'टीन ड्रीम'चं साल. बीच हाउसचा तिसरा अल्बम. आधीचे दोन कारपार्क नावाच्या लहान कंपनीचे, हा सब पॉपचा. निर्माता ख्रिस कोडी. पिचफोर्कनं थेट ९.० दिले, अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ४३व्या नंबरापर्यंत गेला. २०१२च्या 'ब्लूम'ला ९.१ आणि सातवा नंबर. आणि इथून 'डिव्होशन'च्या नशिबाला वेगळंच वळण लागलं. त्याला कुणी वाईट म्हणेना, पण तो आता 'टीन ड्रीमकडे जाणारी पायरी' झाला. कुठंही वाचा, एका वाक्यात आटपलेला: पहिला कच्चा, दुसरा सुधारित, तिसऱ्यात जमलं. एसटीच्या पाटीवर मधलं गाव लिहितात तसं, मिरज-पंढरपूर मार्गे अमुक.

मला याचा खरा राग आहे. ५.५ दिलेल्या माणसाला रागवायचा काय अधिकार, ते मान्य; तरी आहे. पायरीच म्हणायचं असेल तर आमच्याकडं पायरी म्हणजे नामदेवाची पायरी. पंढरपूरला विठोबाच्या आधी तिथं डोकं टेकतात लोक, आणि तीवर पाय पडू नये म्हणून सांभाळून चालतात. समीक्षकांची पायरी म्हणजे तुडवून वर जायची.

'टीन ड्रीम' मोठा अल्बम आहे, वाद नाही. पण तो सुंदर व्हायचं ठरवून झालाय. त्यात दारं-खिडक्या सताड उघड्या. 'डिव्होशन'मध्ये अजून पेवाचा कोंदटपणा आहे. 'हार्ट ऑफ चेंबर्स' ऐका, त्यात हवाच कमी आहे, आणि गाण्याची जादू त्या कमी हवेत आहे. आठवं गाणं तर त्यांचं स्वतःचं नाहीच, डॅनिएल जॉन्स्टनचं आहे, 'सम थिंग्ज लास्ट अ लाँग टाइम'. काही गोष्टी पुष्कळ टिकतात. दुसऱ्याचं गाणं घेऊन स्वतःच्या अल्बमच्या मधोमध ठेवायचं आणि ते परकं वाटू द्यायचं नाही, याला मी आज नुसत्या धाडसाचे दोन गुण देईन. २००८ मध्ये ते माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. लाइट गेली होती.

पायरी म्हणून बाजूला टाकलेल्या या अल्बमातलं 'गिला' २०११ मध्ये द वीकेंड या कॅनडाच्या गायकानं आपल्या 'लॉफ्ट म्युझिक' या गाण्यासाठी उचललं. हिपहॉप-आरअँडबीची पोरं, ज्यांनी बीच हाउसचं एकही परीक्षण वाचलं नसेल, ती या गिटारच्या तुकड्यावर माना डोलवायला लागली. मोडून बघणारा खरेदीदार तो. त्याला मागल्या सालाचं देणंघेणं नव्हतं, हळकुंड टक् वाजलं की झालं.

पुढं २०१५ मध्ये 'डिप्रेशन चेरी' आला तेव्हा दोघांनी स्वतःच सांगितलं की आम्ही साधेपणाकडं परत चाललोय. थोडी वाद्यं, ड्रम कमी. म्हणजे पुन्हा तोच दोरा, तीच केसभर जागा. आणि पुन्हा तीच चर्चा: हे लोक बदलत का नाहीत? त्याच अल्बमातलं 'स्पेस साँग' पुढं रीलवर एवढं फिरलं की माझ्या पुतणीला, जी विलिंग्डन कॉलेजच्या रस्त्यावर स्कूटीवरून फिरते आणि मला 'काका, तुम्हाला नाही कळायचं' म्हणते, तिला ते पाठ आहे. तिला मी 'डिव्होशन' ऐकवला. म्हणाली, "छानय. पण स्पेस साँगसारखंच आहे ना?"

मी म्हटलं, उलटं. ते याच्यासारखं आहे.

"तेच की," म्हणाली आणि गेली.

गेल्या आठवड्यात दुपारी दुकानात कुणी नव्हतं. सौदे उरकले होते, हमाल थप्पीला टेकून पडलेले. मी मोबाइल छोट्या स्पीकरला जोडला आणि शेवटचं गाणं लावलं, 'होम अगेन'. आप्पा गादीवर पेपर वाचत होते. ऐंशीला आलेत, ऐकायला कमी येतं, त्यामुळं त्यांना गाणी ऐकवायची म्हणजे अख्ख्या यार्डाला ऐकवायची. थोडा वेळ त्यांनी पेपरातून डोकं काढलं नाही. मग चष्म्यावरून बघत म्हणाले,

"पेटी कोण वाजवतंय?"

"तीच. गाणारीच वाजवती."

"हं." पुन्हा पेपर. पान उलटलं. "आन् ती बसलीय कुठं? आत बसल्यावानी वाटतंय."

मी आवाज जरा वाढवला. तेवढ्यात तासगावची गाडी लागली, पुढच्या सौद्याची नव्वद पोती, आणि आप्पांनी हातानंच बंद कर म्हणून खूण केली.